रविवारची भांडी

रविवार, ८ जानेवारी १९८४

ही डायरी शकूने मुंबईहून पाठवली. जावयाच्या कारखान्यात फुकट वाटतात म्हणे. सोबत चिठ्ठी: 'बाबा, मनातलं लिहीत जा, म्हणजे आईवरची चिडचिड कमी होईल.' लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच पोरगी बापाला अक्कल शिकवायला लागली! मी चिडत नाही. माझा आवाज मोठा आहे, बस. पोस्टाच्या खिडकीमागे चोवीस वर्षं काढलेल्या माणसाचा आवाज मोठाच असतो.

तरी लिहितो, कारण लिहिण्यासारखं आज घडलंय. झोपाळ्याच्या कड्या मिळाल्या! चार, भरीव पितळेच्या, मधे हत्ती, खाली पोपट. हातात घेतल्या की खांदा उतरतो. असल्या कड्या महाडच्या बाजारात कोणाकडे असतील तर मला दाखवाव्यात.

हे वेड दिवाळीपासूनचं. आमच्या भागातली निम्मी घरं मुंबईच्या मनीऑर्डरींवर जगतात आणि त्या माझ्या हाताखालून जातात. एखाद्या म्हातारीची मनीऑर्डर यायची थांबली, किंवा पत्ता बदलल्याचा अर्ज आला, की समजायचं, घर मिटतंय. मुलगा रजा काढून येणार, म्हातारीला घेऊन जाणार, दाराला कुलूप घालणार. मुंबईच्या खोलीत घंगाळ मावत नाही, म्हणून जायच्या आधी एका रविवारी सगळं ओसरीवर मांडून विकणार. त्या रविवारी श्रीपत काशीराम हजर! आणि बरोबर सौ. मंजुळा.

आबा, म्हणजे माझे वडील, गावकीची कामं करायचे. ह्याच लोकांचे निरोप घेऊन डोंगर तुडवायचे आणि परत आले की अंगणाच्या कडेला उभे राहायचे. निरोप मीही पोचवतो, पण पंख्याखाली बसून, ठप्पा मारून. आणि आता त्याच ओसऱ्यांवर मला खुर्ची देतात. कपबशीत चहा येतो. 'साहेब, साखर पुरे ना?' आज असं विचारलं तेव्हा मी मुद्दाम म्हटलं, 'आणखी अर्धा चमचा चालेल.' काळ बदलला बाबा. घरात बसून रडणाऱ्यांना तो दिसत नाही.

मंजुळा मागीलदारी बायकांत जाते, मी पुढे सौदा करतो. माझा चहा संपला की ती नेमकी येते आणि कप उचलून मागे नेते. लोकाच्या घरातसुद्धा! मी म्हटलं, 'अगं, त्यांच्याकडे माणसं नाहीत का?' तर म्हणते, 'असू दे, सवय हाय.' आहे आमच्या हिला लोकांची कामं करायची हौस.

एकच खोड आहे. शकूची शाळेतली लाल पाण्याची बाटली खांद्याला अडकवून येते. पंचेचाळीस वर्षांची बाई! मी म्हटलं, तहान लागली तर मागावं, त्यांच्या विहिरी काय आटल्यात? नुसती हसली.

बुधवार, ११ जानेवारी

कड्या कुठे टांगायच्या हा प्रश्न आहे. आमच्या दोन खोल्या, वर पत्रा. झोपाळा नाही, तुळई नाही. शेवटी भिंतीला मोठे खिळे मारले आणि चारही ओळीने लावल्या. मंजुळा बघून म्हणाली, 'हत्ती आले, आता अंबारी कधी येतेय?' मला हसू आलं, पण दाखवलं नाही.

शेजारची सुंदराबाई बघायला आली होती. म्हणाली, 'भावोजी, दुकान काढताय काय?' गाढवाला गुळाची चव काय, त्या बाईला काय सांगणार!

रविवार, २२ जानेवारी

आंबेनळीच्या वाटेवर एका वाडीत गेलो. पोलादपूरहून पुढे एस.टी.ने, मग अर्धा तास चढ. घर सयाजी नावाच्या म्हाताऱ्याचं. बायको गेली, मुलगा न्यायला आलाय. म्हातारा ओसरीच्या खांबाला टेकून बसला होता आणि एकेक वस्तू मांडली जाताना बघत होता. मी हंडा उचलला तर म्हणाला, 'लेकीच्या लग्नात ह्याच्यात पानी तापवलं व्हतं.' मी म्हटलं, 'आजोबा, जपून ठेवीन.' तो म्हणाला, 'ठेवा, नायतर इका. माझं काय हाय आता.'

हंडा काय आहे! जाड तांब्याचा, ठोक्याचा, आतून कल्हई शाबूत. मुलाने लोकलमधल्यासारखी घाई केली, म्हणून लगेच जमून गेलं.

उतरताना बघितलं तर मंजुळेच्या बाह्या आणि पदर चिंब. 'विहिरीवर गेली होतीस काय?' 'नाय. पाणी पिताना सांडलं.' एवढं? लहान पोरासारखं? आणि बाटली असताना? म्हणे, 'चढाने संपली वाटेत.' एस.टी.त बसल्यावर पदर खिडकीत वाळवत बसली आणि मला सयाजीच्या बायकोचं सगळं सांगितलं. ती कशाने गेली, सुनेशी का पटत नव्हतं, सगळं. शेजारणीने सांगितलं म्हणे. तासाभरात हिला घराची कुंडली कळते. मी तांबं बघतो, ही माणसं बघते.

मंगळवार, २४ जानेवारी

आज आवाज चढला. लिहितो, कारण शकूने मनातलं लिही म्हटलंय.

मंजुळेने हंडा चिंच लावून तीनदा घासला. उन्हात ठेवला तर डोळे दिपतील असा केला. मी म्हटलं, आता ह्यात प्यायचं पाणी भर. ती म्हणाली, 'माठ हाय की.' मी म्हटलं, माठ फोड. ज्या हंड्याला आबांना बोट लावता आलं नाही त्यातलं पाणी मला रोज प्यायचंय. ती हंडा पुसत राहिली. मी पुन्हा म्हटलं. मग म्हणाली, 'तुम्हाला प्यायचं तर तुम्ही भरा.' असं ती कधी बोलत नाही. मी ओरडलो. ती मोरीत जाऊन भांडी आपटत बसली.

हंडा मीच भरला. दिवसभरात त्यातून मी एकटाच प्यालो.

गुरुवार, २ फेब्रुवारी

लिहू की नको असं दोन दिवस चाललंय. लिहितोच. वाचणार कोण आहे.

शकू सासरी गेल्यापासून घर खायला उठतं. ती होती तोवर मंजुळा माझ्याशी शकूमार्फत बोलायची आणि मी मंजुळेशी शकूमार्फत. 'बाबांना सांग भाकरी झाली.' 'आईला सांग मला उशीर होईल.' पंचवीस वर्षांच्या संसारात आम्हाला सरळ बोलायची सवयच लागली नाही, हे पोरगी गेल्यावर कळलं. मी कचेरीतून येतो, रेडिओ लावतो, पितळ पुसतो. ती सुंदराबाईकडे जाते, येते, वाढते. सोमवार ते शनिवार असेच जातात.

आणि रविवारी एस.टी.त ती माझ्या शेजारी बसते. दुसरी जागाच नसते, दोघांचं बाकडं. घाट लागला की तिचा खांदा माझ्यावर येतो. मी बोलतो, ती बोलते, कोणाचं घर, कोणाची सून. गेल्या रविवारी तर मोठ्याने हसली, पुढचा माणूस वळून बघायला लागला. खरं सांगायचं तर हंडे-कड्यांचं निमित्त आहे. पण हे मी तिला कसं सांगू? ह्या वयात? हसेल. म्हणून पुढच्या रविवारचं घर शोधून ठेवतो, म्हणजे सांगायला लागत नाही.

ती यायची बंद झाली तर मी काय करीन हा विचार आज उगाचच मनात आला.

रविवार, १२ फेब्रुवारी

वाटलंच होतं. काल म्हणाली, 'उद्या मला जमायचं नाय.' का? 'अंग कसनुसं हाय.' ताप नाही, खोकला नाही. मी म्हटलं, ठीक आहे, माझं काही अडत नाही. आणि एकटा निघालो.

अडलं. बाकड्यावर शेजारी बिरवाडीच्या कंपनीतला एक जण बसला, कुर्ल्याच्या बढाया मारत होता, 'इधर क्या रखा है अंकल' म्हणत होता. अंकल! मी पोलादपूरपर्यंत झोपल्याचं सोंग घेतलं.

घर नेहमीसारखंच होतं. दोन भाऊ परळहून आलेले, घर मिटवत होते. खुर्ची दिली, चहा दिला. पण जो तो विचारतोय, 'बाई नाय आल्या?' धाकट्या भावाने विचारलं, मग त्याच्या बायकोने दारातून, मग आतून म्हातारीने मोठ्याने, 'बाई नाय का आल्या रे?' गावात बायकाबायकांचं एकमेकींना कळतं, तसं आमच्या हिचं नाव झालंय वाटतं. काय जादू केलीय कळत नाही.

चहा पिऊन कप खुर्चीपाशी ठेवला. तासभर तिथेच. माश्या बसल्या. कोणी उचलेना. मुंबईकरांना घरकामाची सवय नाही, दुसरं काय. एक लहान मुलगी धावत उचलायला आली तर आतून आवाज आला, 'राहू दे गो, हात नको लावू!' मी म्हटलं, 'थंड आहे, भाजणार नाही.' थोरला भाऊ एकदम मी निवडलेल्या अडकित्त्याची किंमत कमी करायला लागला, मी न मागता.

अडकित्ता मोराचा आहे. चांगला आहे. पण घरी आल्यावर दाखवायला काढला तेव्हा मंजुळा अडकित्त्याकडे बघेना, माझ्याच तोंडाकडे बघत होती. विचारलं, 'चहा दिला?' मी म्हटलं, दिला की. 'मग?' मग काय? 'काय नाय,' म्हणाली, आणि बटाट्याची भाजी केली, मला आवडते तशी, काळा मसाला घालून. आजारी माणसाला एवढी ताकद कुठून आली?

मंगळवार, १४ फेब्रुवारी

परवापासून तो कप डोक्यातून जात नाही. खिडकीवर पावती फाडताना आठवतो. थंड कपाला हात लावायला लहान मुलीला का अडवलं असेल?

काहीतरी असेल. लोकांच्या घरात शंभर भानगडी असतात. मी असल्या गोष्टी उकरत बसलो असतो तर आयुष्यभर कडू तोंडाने फिरलो असतो. माझ्यासमोर कोणी वाकडं बोललेलं नाही, हे मी शपथेवर सांगतो.

रविवार, २६ फेब्रुवारी

आली! मी काही बोललो नव्हतो. सकाळी उठून बघतो तर लुगडं नेसून, बाटली अडकवून तयार. मी म्हटलं, 'अंग बरं आहे का?' म्हणाली, 'तुम्ही एकटे गेलात की घाबरायला होतं.' मला कसली भीती! बाईमाणूस.

चंपाबाई नावाच्या विधवेकडे गेलो. चार कप्प्यांचा पितळी चौफुला घेतला. मंजुळा आत चुलीपाशी बसून घावणे खाऊन आली, ओठाला गूळ होता. एस.टी.त दोघं खूप बोललो. काय बोललो ते आठवत नाही.

मंगळवार, २० मार्च

शिमग्याला मुंबईचे सगळे गावी आलेत. आज खिडकीवर मुरारी आला. पत्ता बदलायचा अर्ज घेऊन. मुरारी रावजी. मी अर्ज वाचला आणि हातातला ठप्पा तसाच राहिला.

हे माझ्या गावचं घर. गावाचं नाव लिहीत नाही, उगाच कशाला. रावजींच्या अंगणात आबा उभे असायचे. मी सात वर्षांचा असेन, त्यांचं धोतर धरून मीही उभा असायचो. रावजी गेले. म्हातारी चंद्राबाई उरली, तिला मुरारी विक्रोळीला नेतोय. मला म्हणाला, 'श्रीपतराव, रविवारी या ना, बघा काही लागत असेल तर.' श्रीपतराव!

मला एकच वस्तू हवी आहे. त्यांची घडवंची. आतल्या पडवीत पाण्याची भांडी ठेवायची ती घडवंची, काळ्या शिसवाची म्हणतात, वर तीन पितळी कळश्या. म्हणतात, असंच लिहायला हवं. आमच्यापैकी कोणी ती पाहिलेली नाही.

मंजुळेला म्हटलं, ह्या रविवारी काहीही झालं तरी तू यायचंस. ती म्हणाली, 'तिथे नको.' का नको? ताटं उचलून मोरीत ठेवून आली. मग म्हणाली, 'येते.'

सोमवार, २६ मार्च

काल लिहिता आलं नाही. आज रजा टाकली. चोवीस वर्षांत आजाराशिवाय पहिली.

क्रमाने लिहितो, नाहीतर गोंधळ होईल.

मुरारीने ओसरीवर खुर्ची दिली. आबा उभे राहायचे ती जागा खुर्चीतून समोरच दिसत होती, तिथे आता तुळस लावलीय. चहा आला. निळ्या फुलांचा कप, कान शाबूत. मी सावकाश प्यालो. मंजुळा मागून आली, कप घेऊन गेली. मुरारीने मला आत नेलं. मी त्या घरात गेलो! पडवीत घडवंची होती. ऐकलं होतं त्याहून साधी. मी तिच्यावर हात ठेवला. मुरारी काही म्हणाला नाही, उलट म्हणाला, 'घ्या, तुमच्याकडे राहील तर बरं वाटेल.' माणूस वाईट नाही. सौदा ठरला, हातावर हात मारला. मला वाटलं, मंजुळेला बोलवावं, तिनेही हात लावावा. मुरारी दोरी शोधायला गेला आणि मी पडवीच्या दाराने बाहेर पडून फणसाला वळसा घालून मागे गेलो.

चंद्राबाई उंबऱ्यावर बसली होती. मंजुळा खाली, अंगणातल्या दगडावर. मधे चार हातांचं अंतर. म्हातारी रडत होती. म्हणत होती, 'मुंबैत मला कोन बोलायला हाय गो मंजुळा? तिथे दारं लावून बसतात. मी भिंतीशी बोलू काय?' आणि मंजुळा म्हणत होती, 'नाय वो आजी, सून चांगली हाय तुमची. नातवंडं हायत. रमाल.' आपल्या आईला समजवावं तशी. म्हातारीने डोळे पुसले, आतून तांब्या आणला. वरून धार धरली. मंजुळा खाली वाकून कप विसळायला लागली.

दोन कप होते. एक बिनकानाचा. दुसरा निळ्या फुलांचा.

म्हातारी म्हणाली, 'नीट विसळ हां गो. मालकांचाबी. आन् ठेव तिथे वळचणीला.' काही रागाने नाही. मीठ डब्यात ठेव म्हणावं तसं. मंजुळेने दोन्ही कप उपडे करून वळचणीच्या वाशावर ठेवले, जिथे कोयती आणि गुराचं दावं होतं. हात सराईत होते तिचे. नवखी बाई आधी कुठे ठेवू म्हणून बघते. तिने बघितलं नाही.

मग ती वळली आणि मी दिसलो. तिने एकदम पदर पुढे ओढला आणि कपांच्या आड उभी राहिली. चोरी सापडल्यासारखा चेहरा झाला तिचा. चोरी तिची होती का?

चंद्राबाईने मला ओळखलं. 'अरे, काशीरामाचा श्रीपत ना तू? केवढा झालास रे! सायब झालास! बस की.' आणि हसली, डोळ्यांत पाणी असतानाच. खोटं नव्हतं ते. बस म्हणाली, आणि हाताने दगड दाखवला.

मी दोन पैशांच्या तिकिटावरून लोकांशी भांडणारा माणूस. तसाच मागे वळलो. ओसरीवर गेलो, मुरारी दोरी घेऊन उभा. म्हटलं, 'नको.' 'अहो, ठरलं ना? थोडं कमी करू का?' म्हटलं, 'नको.' त्याला वाटलं मी पैशावरून फिरलो. वाटू दे. आम्ही निघालो. वाटेत बांधावर कोणीतरी विचारलं, 'काय घेतलंत सायब?' मंजुळेनेच उत्तर दिलं, 'काय नाय घेतलं.'

एस.टी. रिकामी होती. सगळी बाकडी मोकळी असताना ती माझ्या शेजारी बसली. मी दोन तिकिटं काढली. मग विचारलं, 'कधीपासून?'

'पहिल्यापासून.'

'सगळीकडे?'

'नाय हो. सगळीकडे नाय. त्या चंपाबाईने चुलीपाशी बसवून खायला घातलं. काही घरांतच असं.' पदर सारखा केला. 'पहिल्याच घरी म्हातारीने हळूच सांगितलं, मालकांचा कप तूच आन आन् धुवून ठेव, त्यांना कशाला सांगायचं. मला वाटलं, बरं झालं, माझ्याच कानात सांगितलं.'

म्हणजे मी खुर्चीत बसून साखर मागत होतो तेव्हा माझा कप आधीच वेगळा होता. आबांना निदान माहीत तरी होतं ते कुठे उभे आहेत.

'मला सांगितलं का नाहीस?' माझा आवाज चढला. कंडक्टरने बघितलं. ती मात्र दचकली नाही.

'काय सांगू? शकू गेल्यापासून तुमचं तोंड बघवत नव्हतं. त्या खुर्चीत बसलात की खुलायचं. मागच्या दारातून मी बघायची. म्हटलं, दोन कप धुवायला काय जातंय.'

'आणि तो एक रविवार आली नाहीस तो?'

'हंड्यावरून ओरडलात ना, तेव्हा राग आला होता. म्हटलं, एकदा तुमचं तुम्हाला कळू दे. मग दिवसभर घरात जीव वरखाली. कळू नये, कळू नये असंच म्हणत बसले.'

मला लाज वाटली. रागही आला, कोणाचा ते ठरवता येईना. चंद्राबाईचा म्हणावा तर ती बाई माझ्या बायकोजवळ मन मोकळं करून रडत होती. मंजुळेचा तर नाहीच. मी म्हटलं, 'संपलं. आता कुठेही जायचं नाही. पितळ नको नि तांबं नको.'

'बरं,' ती म्हणाली.

महाडच्या स्टँडवर गाडी वळली तेव्हा हळूच म्हणाली, 'मग रविवारी?'

'रविवारी काय?'

'काय नाय,' म्हणाली, आणि उतरायला उठली.

शुक्रवार, ३० मार्च

कड्या, हंडा, अडकित्ता, चौफुला, लामणदिवा, सगळं गोणीत भरून खाटेखाली सारलं. खिळ्यांची भोकं भिंतीला तशीच राहिली. मंजुळा बघत होती. तिला हायसं वाटेल असं मला वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, 'अगदी सगळंच काढायचं होतं?'

खिडकीवर एक अर्ज आला, पत्ता बदलल्याचा. तुडीलचा. पूर्वी मी नाव टिपून घेतलं असतं. ठप्पा मारला आणि पुढच्याला हाक दिली.

रविवार, १ एप्रिल

घरीच आहे.

सकाळपासून ती मला तीन वाक्यं बोलली. 'पाणी तापलंय.' 'रॉकेल संपत आलंय.' 'शकूला पत्र टाकायचं राहिलं.' मी दोन. 'बरं' आणि 'टाकतो'. मी पुढच्या खोलीत, ती मागच्या. मधे दार उघडंच आहे. ती लुगडं नेसून, वेणी घालून बसलीय, रविवारी जायचं असलं की असते तशी. कोणासाठी तयार झाली ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

'मग रविवारी?' असं तिने का विचारलं होतं ते मला आज, सात दिवसांनी, कळलं. मी निमित्त शोधून तिला नेत होतो आणि ती माझं निमित्त टिकावं म्हणून लोकांच्या मागीलदारी वाकत होती. बाकडं तिलाही हवं होतं. अरे गाढवा, तिलाही हवं होतं! आणि मीच ते बंद करून टाकलं, मोठ्या स्वाभिमानाने, तिला न विचारता.

मोठा धीर करून दारात गेलो. ती तांदूळ निवडत होती. म्हटलं, 'साडेदहाची गाडी असते ना?'

'कुठली?'

'कुठलीही.'

तिने मान वर करून बघितलं, मला ताप भरलाय की काय अशी. 'काय काम हाय?'

'काम काही नाही. असंच. जाऊन यायचं.'

तिचा हात सुपात थांबला. मला वाटलं, उठेल. चेहऱ्यावर तसं काहीतरी येऊन गेलं. मग म्हणाली, 'काम नसताना कोन जातं का? लोक काय म्हणतील?' आणि खडा उचलून बाजूला टाकला.

मी आणखी एकदा म्हणायला हवं होतं. शब्द तोंडाशी आला होता, पण चोवीस वर्षं खिडकीमागे बसून मला फक्त 'पुढे कोण?' एवढंच म्हणता येतं. मी दारात तसाच उभा राहिलो आणि ती तांदूळ निवडत राहिली. साडेदहाची गाडी रस्त्यावरून गेली. तिनेही ऐकली, मीही ऐकली.